गाण्यांची यादी करताना रकाने का फसतात?

पीएच.डी. प्रवेशाच्या तयारीत असलेल्या तुमच्यापैकी अनेकांचा एकच प्रश्न असतो: "वर्गीकरण कसं करायचं?" सर्वेक्षण असो, मुलाखती असोत, प्रयोगशाळेतले नमुने असोत, आपण आधी रकाने आखतो आणि मग त्यात माहिती भरतो. यावेळी मी माझ्या फसलेल्या रकान्यांची गोष्ट सांगणार आहे. विषय माझ्या प्रबंधाचा नाही. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मापनातल्या त्रुटींवर काम करते. पण त्रुटी कुठेही सापडते, अगदी रविवारच्या उपासनेतल्या गाण्यांतसुद्धा.

झालं असं. वणीला घरी आले होते. आमच्या मंडळीत वर्षभराच्या गाण्यांवरून कुरबुर चालू होती. ज्येष्ठांना जुनी पदं हवी, तरुण संघाला कीबोर्डवरची हिंदी गाणी हवी, आणि कोणीतरी म्हणालं की आपल्याकडे सगळ्या प्रकारचे लोक येतात, तर गाण्यांतही विविधता पाहिजे. पास्टर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तू संशोधन करतेस ना, मग यादी तूच कर." मी खुशीत वही काढली आणि तीन रकाने आखले: विदेशी, देशी, इतर भाषा. प्रत्येकातून सारखी गाणी घेतली की झाली विविधता! पहिल्याच संध्याकाळी तिन्ही रकाने मोडले. का मोडले, ते पुढे सांगते.

आधी सिद्धान्त काय म्हणतो ते बघू

या विषयावर जगभरात वापरली जाणारी एक चौकट म्हणजे 'नैरोबी निवेदन'. लुथरन वर्ल्ड फेडरेशनच्या अभ्यासगटानं जानेवारी 1996 मध्ये केनियातल्या नैरोबी इथं ते तयार केलं. उपासना आणि संस्कृती यांचं नातं चार प्रकारचं असतं, असं त्यात मांडलं आहे. काही गोष्टी सगळ्या संस्कृतींच्या पलीकडच्या असतात, म्हणजे सगळीकडे सारख्या. काही स्थानिक मातीतल्या असतात. काही ठिकाणी उपासना त्या संस्कृतीतल्या अन्यायाच्या विरोधात उभी राहते. आणि चौथं म्हणजे एका संस्कृतीतली गोष्ट दुसरीकडे नेणं, देवाणघेवाण करणं.

त्याआधी कॅथलिक चर्चनं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, 4 डिसेंबर 1963 च्या उपासनाविषयक दस्तऐवजात, मिशनच्या प्रदेशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य मान द्या असं सांगितलं होतं. म्हणजे 'स्थानिक संगीत घ्या' ही मागणी आज कोणी नव्यानं शोधलेली नाही.

चौकट म्हणून नैरोबी मला आवडतं. एकाच गाण्याकडे चार बाजूंनी बघायला ते शिकवतं. पण माझा आक्षेप असा की ते 'संस्कृती' हा शब्द असा वापरतं, जणू प्रत्येक संस्कृतीला कुंपण आहे आणि गाणं त्या कुंपणाच्या आत किंवा बाहेर आहे. प्रत्यक्ष यादी करायला बसलं की कुंपण सापडत नाही. तीन उदाहरणं देते.

उदाहरण 1: पेटी देशी की विदेशी?

आमच्याकडे 'देशी' गाणं म्हणजे पेटी-तबल्यावरचं गाणं. आणि 'विदेशी' म्हणजे कीबोर्डवरचं. आता पेटी, म्हणजे हार्मोनियम, 1840 च्या दशकात पॅरिसमध्ये अलेक्झांद्र देबँ यांच्या कारखान्यात जन्मली. भारतात आल्यावर तिला हातभाता लागला, ती जमिनीवर बसली, आणि कीर्तनात, नाटकात, भजनात शिरली. इतकी शिरली की 1940 साली आकाशवाणीनं ती भारतीय संगीताला योग्य नाही म्हणून तिच्यावर बंदी घातली, आणि ती बंदी 1971 पर्यंत टिकली.

बंदीमागचा एक मुद्दा स्वरांचा होता आणि तो भौतिकशास्त्रात तपासता येतो. शुद्ध गंधाराचं षड्जाशी गुणोत्तर 5/4, म्हणजे 1.25. बारा समान भागांत सप्तक विभागलं की तोच गंधार साधारण 1.26 होतो. फरक छोटा, पण तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला कळतो. आजच्या कीबोर्डचं आणि बहुतेक पेट्यांचं विभाजन असंच समान असतं. म्हणजे स्वरांच्या बाबतीत आमची 'देशी' पेटी आणि तरुण संघाचा 'विदेशी' कीबोर्ड सख्ख्या बहिणी आहेत. ज्या वाद्यावरून आमच्याकडे भांडण होतं, त्या वाद्यात भांडणाचं कारणच नाही.

इथे तुमच्यासाठी पहिला धडा. रकान्याचं नाव ठरवण्याआधी विचारा: मी नेमकं काय मोजतेय? मूळ? सवय? स्वर? की बसायची पद्धत? मी 'देशी' लिहून चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या होत्या.

उदाहरण 2: टिळकांचं पद इंग्लंडला गेलं तेव्हा

मराठी ख्रिस्ती गीतांचा विषय निघाला की रेव्हरंड नारायण वामन टिळक येणारच. जन्म 1861, बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत, मृत्यू 1919. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलं, 'ज्ञानोदय'चं मराठी अंग सांभाळलं, 1917 मध्ये मिशनचा पगार सोडून 'देवाचा दरबार' काढला. तुकारामांच्या वाटेनं आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत. त्यांचं 'ख्रिस्तायन' अपुरं राहिलं ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं. त्याच लक्ष्मीबाई, 'स्मृतिचित्रे'वाल्या.

टिळक पहिले नव्हते हेही लक्षात ठेवा. त्यांच्या आधी नगरकडे कृष्णराव सांगळे मराठी चालींवर पदं रचत होते. आणि त्याच्या कितीतरी आधी, 1616 साली, गोव्यातल्या रायतूर इथं थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं 'क्रिस्तपुराण' छापून आलं. मराठी, ओवीबद्ध आणि छापलेलं रोमन लिपीत! विदेशी लेखक, देशी छंद, परकी लिपी. माझ्या तीन रकान्यांत हे कुठं टाकू, सांगा.

आता टिळकांचं पुढचं. निकोल मॅकनिकोल या स्कॉटिश मिशनऱ्यानं त्यांची काही पदं इंग्रजीत आणली आणि ती तिकडच्या गीतसंग्रहांत गेली. आजही कुणी इंग्रजी मंडळी 'आम्ही भारतीय गीत घेतो' म्हणते तेव्हा टिळकांचं नाव पुढं येतं. पण त्यातलं सगळ्यात परिचित भाषांतर अक्षरं मोजून बघितलं तर ते 8-6-8-6 भरतं. इंग्रजी गीतशास्त्रात याला 'कॉमन मीटर' म्हणतात, म्हणजे रोजच्या वापरातला छंद. शेकडो ब्रिटिश चाली याच मापाच्या आहेत, त्यातली कुठलीही लावा, बसते.

मराठीत बघा. मोठ्या अभंगाचं माप 6-6-6-4, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. लहान अभंगाचं 8-8. शेवटचा चार अक्षरांचा चरण हा मोठ्या अभंगाचा श्वास असतो. तिथं ओळ अचानक आखूड होते आणि टाळकऱ्यांना जागा मिळते. 8-6-8-6 मध्ये ही जागा नाही. म्हणजे टिळकांनी ज्या मापांत आयुष्यभर रचना केली, ती मापं इंग्लंडच्या वाटेवर गळून पडली. तिथं पोचला तो विचार आणि कवीचं नाव.

हे वाईट झालं का? मला तसं म्हणायचं नाही. ज्यांना ते पद इंग्रजीत भावलं त्यांना ते खरंच भावलं. पण 'आमच्या उपासनेत भारतीय संगीत आहे' असं त्यावरून कुणी म्हणालं तर ते चूक आहे. भारतीय कवी आहे, भारतीय संगीत नाही. यादीत एक खूण करून दोन्हींचं श्रेय घेता येत नाही.

याच्या तुलनेत तैवानच्या लो इ-तो यांनी संपादित केलेला 'साउंड द बांबू' हा आशियाई गीतसंग्रह (1990, वाढीव आवृत्ती 2000) वेगळ्या वाटेनं गेला. त्यात आशियातल्या चालीच गोळा केल्या आहेत आणि मूळ भाषेचे शब्द रोमन लिपीत दिले आहेत, म्हणजे परक्या मंडळीलाही जीभ थोडी वळवावी लागते. मला हा मार्ग जास्त प्रामाणिक वाटतो.

उदाहरण 3: उलटा प्रवास

इंग्रजी गीतं मराठीत आली त्यांचं काय? इंग्रजी छंद आघातावर चालतो. कॉमन मीटरमध्ये दुसरं, चौथं, सहावं, आठवं अक्षर जोराचं. मराठीत आघात तितका महत्त्वाचा नाही, ऱ्हस्व-दीर्घ महत्त्वाचं. मी आत्ता इथं जुळवलेली ओळ घ्या: 'देवाची दया आहे'. ही त्या चालीत म्हटली तर जोर चौथ्या अक्षरावर, म्हणजे 'द'वर येतो. मग 'दऽऽया' असं ताणावं लागतं. कानाला खुपतं. भाषांतरित गीतं 'मिशनरी मराठी' वाटतात त्याचं एक कारण हे.

पण 'तुझी दया अपार' म्हणून बघा. तु-झी, द-या, अ-पा... लघु-गुरू, लघु-गुरू, लघु-गुरू. चपखल बसते! कारण लघु-गुरूच्या चार जोड्या, म्हणजे आठ अक्षरं, हे संस्कृत-मराठी छंदशास्त्रातलं प्रमाणिका वृत्त आहे. कॉमन मीटरची आठ अक्षरी ओळ आणि प्रमाणिका यांचा सांगाडा जवळजवळ एकच. म्हणजे अडचण 'विदेशी चाली'ची नव्हती, ज्यानं शब्द निवडले त्याच्या कानाची होती. ज्याचा कान तयार होता त्याची भाषांतरं टिकली.

आणि टिकली ती कुणाची झाली? आमच्याकडे अंत्यविधीला म्हटली जाणारी काही गीतं मूळची युरोपीय चालीची आहेत. चार पिढ्यांनी ती आपल्या माणसांना माती देताना म्हटली आहेत. त्यांच्यापुढे 'विदेशी' लिहिताना माझाच हात थांबला. ज्येष्ठ ज्यांना 'आपली जुनी गाणी' म्हणतात त्यातली निम्मी-अर्धी या चालीची, हे बघून तर मला हसू आलं.

मग 'देशी' कुणाचं?

समजा, तरीही ठरवलं की देशी घेऊ. पुढचा प्रश्न जास्त टोचणारा आहे. 1981 मध्ये बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये अरविंद निर्मल यांनी मांडलं की भारतीय ख्रिस्ती ईशज्ञान उच्चवर्णीय परंपरेशी संवाद करण्यात गुंतलं आहे, आणि मंडळीतली बहुसंख्य माणसं तर दलित आहेत. पुढे दलित ईशज्ञान म्हणून जो विचार वाढला त्याची एक सुरुवात ही. गाण्यांना हा प्रश्न जसाच्या तसा लागतो. 'भारतीय संगीत' म्हणून राग आणि कीर्तन आणलं, पण ज्यांचे आजोबा हलगी वाजवत होते त्यांना हलगी सोडायला लावली, तर कुणाची संस्कृती आली?

इथं घाईनं निष्कर्ष काढू नका. अभंग ही काही एका जातीची मालकी नाही. चोखामेळा, सोयराबाई, जनाबाई त्याच परंपरेत आहेत. म्हणून 'अभंग म्हणजे उच्चवर्णीय' हेही आळशी वर्गीकरणच.

आणि आमच्या वणीत प्रश्न आणखी फाटे फोडतो. एकेकाळी या जिल्ह्याचं नावच वणीवरून होतं, इंग्रजांच्या कागदावर 'वून' जिल्हा. 1905 मध्ये तो यवतमाळ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्री मेथॉडिस्ट मिशन या जिल्ह्यात आलं. यवतमाळला 1953 पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, 1983 मध्ये ती पुण्याला गेली. कोळशाच्या खाणींमुळे वणीत तेलुगू आणि हिंदी बोलणारी घरं आहेत. आजूबाजूच्या पोडांवर कोलाम आहेत, गोंड आहेत. कोलामी आणि गोंडी या द्रविड कुळातल्या भाषा, मराठीशी त्यांचं नातं शेजाराचं, रक्ताचं नाही. ढेमसा हे त्यांचं नाचगाणं. हे सगळं मी 'इतर भाषा' या एका रकान्यात टाकलं होतं! ज्या रकान्याचं नाव 'इतर' असतं तिथं संशोधकाचा आळस झोपलेला असतो, हे माझ्या मार्गदर्शकांचं आवडतं वाक्य. त्या रात्री ते मला चांगलंच बोचलं.

आजीनं विचारलेला प्रश्न

दुसऱ्या रविवारी मी वही घेऊन मागच्या बाकावर बसणाऱ्या एका आजींकडे गेले. त्यांना वाचता येत नाही. पुस्तकातल्या एका जुन्या पदावर मी बोट ठेवलं. वर 'चाल' म्हणून दुसऱ्याच एका गाण्याचं नाव छापलेलं. जुन्या मराठी पदसंग्रहांची आणि नाटकांची ही पद्धतच होती: स्वरलेखन द्यायचं नाही, ओळखीच्या गाण्याचं नाव द्यायचं. आता ते ओळखीचं गाणं कुणालाच ओळखीचं नाही. संशोधनाच्या भाषेत सांगायचं तर संदर्भ दिलाय, पण तो मूळ लेखच हरवलाय.

मी शब्द वाचून दाखवले. आजींनी दोन क्षण डोळे मिटले आणि पूर्ण पद म्हटलं, ध्रुपदावर परत परत येत. मग मला म्हणाल्या, "तुले चाल येत नाई ना? मंग यादीत लिवून काय करतं बाई?"

हा प्रश्न नैरोबी निवेदनात नाही. माझ्या यादीत ते पद 'देशी' म्हणून सुरेख दिसलं असतं. पण आमच्या मंडळीत ते म्हणू शकणारं एकच माणूस होतं. मी मोबाईलवर त्यांच्या परवानगीनं ते ध्वनिमुद्रित केलं. त्यांनी तीन पदं म्हटली, चौथ्याला दम लागला. "पुढल्या वेळी" म्हणाल्या. पुढल्या वेळी मी वणीला गेले तेव्हा त्या बाक सोडून खाटेवर होत्या, बोलणंही जड जात होतं. चौथं पद माझ्याकडे नाही. ते छापलेलं आहे, कुठल्याही कपाटात मिळेल, आणि तरीही नाही.

आजींकडून आणखी एक गोष्ट कळली. ध्रुपद असलेलं पद वाचता न येणाऱ्या माणसाला म्हणता येतं: एक जण सांगतो, बाकीचे उचलतात. पाच कडव्यांचं सलग गीत म्हणायला पुस्तक लागतं, नाहीतर आताच्या भाषेत पडद्यावर शब्द लागतात. म्हणजे रचनाच ठरवते की उपासनेत कोण गातं आणि कोण नुसतं उभं राहतं. गंमत म्हणजे तरुण संघाची हिंदी गाणी याबाबतीत आजींच्या पदांच्या जवळची आहेत: छोटा मुखडा, पुन्हा पुन्हा. ज्या दोन गटांचं भांडण होतं ते दोन गट एकाच बाजूला निघाले.

नवे रकाने

शेवटी मी 'देशी-विदेशी' खोडलं आणि प्रत्येक गाण्यासाठी वेगवेगळे प्रश्न लिहिले:

1. शब्द कुणाचे, कुठल्या भाषेतले?
2. छंद कोणता?
3. चाल कुठून आली, आणि आज कुणाला येते?
4. साथ कशाची? वाद्याशिवाय म्हणता येतं का?
5. वाचता न येणाऱ्याला पहिल्याच वेळी सामील होता येतं का?
6. दुसऱ्या समाजाचं असेल तर त्यांना विचारलं का, आणि शिकवायला त्यांच्यातलं कोण उभं राहणार?

सहावा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. नैरोबी निवेदनात दुसऱ्या संस्कृतीच्या गोष्टी समजून, आदरानं वापरा असं म्हटलं आहे. बरोबरच आहे. पण आदर झाला की नाही हे तपासायचं कसं, आणि तपासणार कोण? नाताळात एक कोलामी गाणं कीबोर्डवर बसवून तरुण संघानं म्हटलं आणि मागं बसलेलं कोलाम कुटुंब गप्प राहिलं, तर यादीत विविधता वाढली आणि उपासनेत कमी झाली. तेच गाणं त्या घरातल्या बाईनं सांगितलं आणि आम्ही चुकत-माकत उचललं, तर गोष्ट वेगळी. शब्द तेच, चाल तीच. यादीला हा फरक दिसतच नाही.

म्हणून माझी मूळ टीका अशी: विविधता हा गाण्याचा गुणधर्म समजून आपण गाणी मोजतो. मोजायला हवा तो प्रसंग, म्हणजे कोण सांगतं, कोण उचलतं, कोण गप्प राहतं. मापनाचं एकक चुकलं की उपकरण कितीही चांगलं असलं तरी उत्तर चुकतं.

तुमच्यासाठी

तुमचा विषय मातीचे नमुने असेल, शाळागळती असेल, बोलीभाषा असेल. आराखडा लिहिताना एवढं करा. रकाने आखल्यावर लगेच पाच खरी उदाहरणं त्यात टाकून बघा, त्यातही मुद्दाम अडचणीची. 'क्रिस्तपुराणा'सारखं एखादं उदाहरण शोधाच. रकाना मोडला तर घाबरू नका, तो का मोडला हेच बहुतेक वेळा संशोधनाचा खरा प्रश्न असतो. आणि ज्यांच्याबद्दल लिहिताय त्यांच्यापैकी कुणाला तरी तुमचा तक्ता दाखवा.

आमच्या मंडळीची यादी अजून पूर्ण झालेली नाही. पास्टर साहेब दर फोनला विचारतात. सध्या एवढंच ठरलंय की महिन्यातून एका रविवारी उपासनेनंतर अर्धा तास थांबायचं, ज्याला जी चाल येते ती त्यानं सांगायची, बाकीच्यांनी उचलायची, आणि तरुण संघानं ती ध्वनिमुद्रित करून ठेवायची. पहिल्या वेळी आजींची ती तीन पदं मोबाईलवरून ऐकवली. तिसऱ्याला मागून दोन-तीन म्हाताऱ्या माणसांनी ध्रुपद धरलं. त्यांनाही ते येत होतं. आम्हीच कधी विचारलं नव्हतं.